दोन प्लेटा, चार स्क्रू, तेरा महिने: लेकीच्या गुडघ्यांतल्या इम्प्लांटचा रिव्ह्यू

मी डॉक्टर नाही, आई आहे, हे आधीच सांगून टाकते. आणि हा रिव्ह्यू अशा वस्तूचा आहे जी आपण हातात घेऊन, उलटून पालटून बघून विकत घेत नाही. डॉक्टर सांगतात अमुक टाकू, आपण सही करतो आणि वस्तू थेट पोरीच्या गुडघ्यात जाते. मला ती पहिल्यांदा हातात मिळाली ती बाहेर काढल्यावर, एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत. अंगठ्याच्या नखापेक्षा जराशी मोठी पट्टी, दोन टोकांना दोन भोकं, मध्ये कंबर बारीक, म्हणजे इंग्रजी आठाचा आकडाच, आणि कंबरेत एक बारीकसं तिसरं भोक. स्क्रू मधून पोकळ, त्यातून आरपार दिसतं. वजन तर काहीच नाही, टायटॅनियम आहे. एवढ्याशा गोष्टीने माझ्या लेकीचे पाय सरळ केले यावर डबी बघून कोणाचा विश्वास बसणार नाही. खरं म्हणजे तिने केलेच नाहीत, पण ते पुढे सांगते.

लेकीचे गुडघे लहानपणापासून आत. उभी राहिली की गुडघे एकमेकांना चिकटलेले आणि घोटे लांब लांब. पळताना एक पाय दुसऱ्यात अडकून पडायची, आणि सगळ्या पँटी गुडघ्याच्या आतल्या बाजूला घासून पातळ झालेल्या, बाकी पँट नवीकोरी. यात गंमत अशी की हे लहान मुलांमध्ये नॉर्मल असतं. दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात, मग तीन-चार वर्षांचं मूल उलट गुडघे आत घेऊन उभं राहतं, आणि सात-आठ वर्षांपर्यंत ते आपोआप बरंचसं सरळ होतं. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाचे पाय बघून घाबरलेल्या आयांनी शांत व्हा. आमचं मात्र सात गेलं, आठ गेलं, कमी व्हायच्या ऐवजी वाढतच होतं.

नऊ वर्षांची असताना ज्यांना दाखवलं त्यांनी तिला झोपवून तपासलं, दोन मिनिटं गुडघे हलवून बघितले आणि म्हणाले होईल सरळ, काळजी करू नका. उभं करून बघितलं नाही, एक्स-रे नाही. मी पण सुटल्यासारखी घरी आले. वर बुटात घालायच्या पाचरी लिहून दिल्या, त्या वर्षभर घातल्या, त्याने बूट तेवढे वाकडे झिजले.

अकराव्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा गुडघे जुळवून उभं राहिल्यावर दोन घोट्यांमधलं अंतर तेरा सेंटीमीटर होतं. यांनी आधी रक्त तपासलं, कॅल्शियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी वगैरे, कारण मुडदूस असेल तर आधी त्याचा इलाज, नाहीतर प्लेट टाकून पण पाय परत वाकणार. सगळं नॉर्मल आलं. मग खुब्यापासून घोट्यापर्यंत अख्ख्या पायाचा उभ्याने एक्स-रे. हा एक्स-रे नीट काढणं ही स्वतंत्र कला आहे, गुडघ्याची वाटी बरोबर समोर आली पाहिजे, पाऊल सरळ ठेवून उपयोग नाही. आमचा पहिला एक्स-रे बघून डॉक्टरांनी परत पाठवलं, वाट्या तिरक्या आल्यात म्हणून. तेव्हा चिडचिड झाली, पण नंतर कळलं की वाटी फिरली की मापच फिरतं आणि सगळा हिशोब त्या मापावर आहे.

हिशोब असा. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ मारली तर ती गुडघ्याच्या साधारण मधून जायला हवी. लेकीची रेघ गुडघ्याच्या पार बाहेरच्या बाजूने चालली होती. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा एक कोन मोजतात, तो साधारण ८७ अंश असतो, ८५ ते ९० चालतो. तिचा दोन्हीकडे ८०. म्हणजे दोष मांडीच्या हाडात, नडगीत नाही. आणि हाताचा एक एक्स-रे काढला, पायासाठी हाताचा कशाला असं मला झालं, तर त्यावरून हाडांचं वय कळतं, किती वाढ शिल्लक आहे ते.

कारण ही प्लेट स्वतः काहीच करत नाही. जे काही करायचं ते मुलाची वाढ करते.

हे मला डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं तरी नीट डोक्यात शिरलं नव्हतं, लेकीनेच घरी येऊन समजावलं. म्हणाली, आई, शाळेच्या कवायतीत रांग वळवताना काय करतात, आतल्या बाजूची मुलं जागच्या जागी पाय आपटतात आणि बाहेरची मोठी मोठी पावलं टाकतात, म्हणजे अख्खी रांग वळते, तसंच आहे हे. अगदी तसंच आहे! हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक थर असतो, तिथून हाड लांबीला वाढतं, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात (दोन्हीला प्लेटच म्हणायचं कोणी ठरवलं माहीत नाही, पहिले दोन महिने घरात सगळ्यांचा घोळ चालू होता, सासूबाईंना वाटायचं की वाढायची प्लेट आत टाकलीय). त्या थराच्या आतल्या बाजूला ही धातूची पट्टी आडवी नाही तर उभी बसवतात, एक स्क्रू थराच्या वर आणि एक खाली. आतली बाजू अडकली, बाहेरची वाढत राहिली, की पाय हळूहळू सरळ होतो. सरळ झाला की पट्टी काढायची, दोन्ही बाजू परत बरोबरीने वाढायला लागतात.

दाबाखाली असलेली ग्रोथ प्लेट हळू वाढते ही गोष्ट १८६२ पासून माहीत आहे, ह्युटर आणि फोल्कमान या दोन जर्मन डॉक्टरांची नावं त्याला जोडलेली आहेत. १९४९ मध्ये ब्लाउंट या हाडांच्या डॉक्टरांनी यासाठी स्टेपल वापरल्या, खरोखरच कागदाला मारतो तशा यू आकाराच्या, फक्त जाड. त्या ताठ असायच्या, वाढणारं हाड त्यांना बाहेर ढकलायचं नाहीतर तोडायचं. मग २००७ मध्ये पीटर स्टीव्हन्स या हाडांच्या डॉक्टरांचा दोन भोकांच्या प्लेटवरचा पेपर आला आणि चित्रच बदललं. यातली हुशारी अशी की स्क्रू प्लेटमध्ये घट्ट लॉक होत नाहीत, भोकात डोकं थोडं फिरू शकतं. मी तर विचारलं पण होतं की सैल का ठेवता, निघून येणार नाही का. तर नाही, ते मुद्दामच. हाड वाढतं तसे दोन स्क्रू एकमेकांपासून फाकत जातात, प्लेट बिजागरीसारखी वागते, म्हणून जोर तुटण्यावर जात नाही. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये दोन स्क्रू रेल्वेच्या रुळांसारखे समांतर, वर्षभराने अगदी इंग्रजी व्ही. ते दोन फोटो शेजारी ठेवून बघायला मला अजून आवडतं.

या पट्टीला एट-प्लेट म्हणतात. ते खरं एका कंपनीने आपल्या पट्टीला दिलेलं नाव, पण आता सगळे सगळ्यांनाच एट-प्लेट म्हणतात. आमची दुसऱ्या कंपनीची होती.

ऑपरेशनचं काही विशेष सांगण्यासारखं नाही, पूर्ण भूल, प्रत्येक गुडघ्याच्या आतल्या बाजूला अडीच सेंटीमीटरचा काप, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणारं मशीन) बघत बघत आधी बारीक सुई ग्रोथ प्लेटमध्ये टोचून जागा पक्की करतात, प्लेटच्या कंबरेतलं ते बारीक भोक त्याच्यासाठी. मग स्क्रू. डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा सांगितली की हाडावरचं पातळ आवरण खरवडायचं नाही, प्लेट त्याच्यावरच ठेवायची, नाहीतर ग्रोथ प्लेट कायमची बंद पडायची भीती. दोन्ही पाय मिळून तासाच्या आत बाहेर. प्लास्टर नाही, दुसऱ्या दिवशी उभी.

इथे माझी पहिली तक्रार. "लगेच चालता येतं" हे सगळे सांगतात आणि ते खरं पण आहे, पण गुडघा वाकत नाही हे कोणी सांगत नाही. मांडीचा आतला स्नायू नेमका तिथेच असतो, तो दुखावतो, आणि पोरगी भीतीने पाय ताठ धरून बसली. दोन आठवडे जिना उतरताना बाजूने, खेकड्यासारखी. फिजिओकडे आम्ही स्वतःहून गेलो, कोणी पाठवलं नाही. तिथे पहिल्याच दिवशी टाच बेडवर घसरवत गुडघा वाकवायचा व्यायाम दिला, दिवसातून चार वेळा, आणि पाच आठवड्यांत पूर्ण वाकायला लागला. हेच पहिल्या आठवड्यात सुरू केलं असतं तर? ऑपरेशनआधीच फिजिओचं विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट तर इतकी क्षुल्लक आहे की कुठल्याच माहितीपत्रकात नसते. गुडघे आत वळलेल्या मुलाच्या गुडघ्यांच्या आतल्या बाजूलाच प्लेटा बसवल्यावर, कुशीवर झोपलं की त्या एकमेकांवर आपटतात. कातडीखाली उंचवटा हाताला लागतो आणि पहिले दोन महिने तो दुखरा असतो. रात्री दोनला कळवळून उठायची. उपाय म्हणजे गुडघ्यांमध्ये उशी, मऊ आणि जरा लांबट, नाहीतर निसटते. तिला त्या उशीची इतकी सवय लागली की प्लेटा निघाल्या तरी उशी अजून आहेच.

आता मुख्य मुद्दा, वाट बघणं. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिला भिंतीला टेकवून उभं करायची, गुडघे जुळवायचे, वाट्या समोर, आणि पट्टीने घोट्यांमधलं अंतर मोजायचं. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला होता. तेरा, तेरा, साडेबारा, अकरा. तिसऱ्या महिन्याच्या एक्स-रेत कोन जेमतेम दोन अंश बदललेला, माझं तोंड उतरलं. डॉक्टर म्हणाले आधी स्क्रू आणि प्लेटमधली ढिलाई भरून निघते मग खरा ताण लागतो, थांबा. आणि खरंच, पुढे घोट्यांमधलं अंतर सहाव्या महिन्यात साडेसात सेंटीमीटर, नवव्या महिन्यात चार. कोनाचा वेग साधारण महिन्याला पाऊण अंश असा पडला. अकरा-बारा वर्षांच्या मुली भराभर उंच होत असतात म्हणून एवढा, वाढ संपत आलेल्या मुलांमध्ये तो मंदावतो. गुडघ्याजवळ मांडीचं हाड वर्षाला एक सेंटीमीटरच्या आसपास वाढतं, नडगी त्याहून कमी, म्हणून डॉक्टर कुठल्या हाडाला प्लेट लावणार यावर पण वेग ठरतो.

नवव्या महिन्याची अपॉइंटमेंट लेकीच्या परीक्षेत आली म्हणून मी पुढे ढकलली, ही माझी चूक. मग डॉक्टर बाहेरगावी, मग रिसेप्शनवरून थेट दहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. मी म्हटलं अहो प्लेट आत आहे, वेळेवर काढावी लागते. पलीकडून उत्तर, मॅडम प्लेट काढायची घाई नसते, सावकाश काढतात. त्या बाईंचा दोष नाही, मोडलेल्या हाडाची प्लेट खरंच सावकाश काढतात, कधी कधी काढतच नाहीत. पण ही प्लेट वेगळी आहे! हिला थांबायचं कळत नाही. पाय सरळ झाला तरी ती आतली बाजू धरूनच ठेवते आणि बाहेरची वाढत राहते, म्हणजे आत वळलेला पाय सरळ होऊन उलट बाहेर वाकायला लागतो.

अकराव्या महिन्यात माप एक सेंटीमीटर. बाराव्या महिन्याच्या रविवारी लेक भिंतीला उभी राहिली, घोटे जुळवले, आणि गुडघ्यांच्या मधून मला भिंतीचा रंग दिसला. एक बोट जाईल एवढी फट. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या गुडघ्यांच्या मधून पलीकडचं काही दिसलं होतं, तिला प्रचंड आनंद आणि माझ्या पोटात गोळा. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, त्यांचा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून फोन, ताई उद्याच या. एक्स-रेत उजवा ८८, डावा ८९. म्हणजे हद्दीच्या आतच, आणि प्लेट काढल्यावर वाढ थोडी उलटी उसळी मारते त्यात एखादा अंश परत जाईल असं ते म्हणाले. लहान मुलांत ही उसळी जास्त असते म्हणून त्यांच्यात काही डॉक्टर मुद्दाम थोडं पुढे जाऊ देतात. आमचं मुद्दाम नव्हतं, आमचं नशीब होतं. दर तीन महिन्यांच्या तपासणीला न आलेल्या मुलांची यादी काढून फोन करणं एवढं अवघड आहे का?

काढायचं ऑपरेशन सोपं असतं असं सगळे म्हणतात. उजवा पाय तसाच झाला, पंधरा-वीस मिनिटांत. डाव्याच्या वरच्या स्क्रूवर हाड चढलं होतं, ते खरवडून डोकं मोकळं केलं तर षटकोनी खाचेत पेचकस घसरायला लागला. शेवटी काप वाढवावा लागला. उजव्या पायावर अडीच सेंटीमीटरचा व्रण, डाव्यावर चार. लेक म्हणते डावा माझा हिरो पाय.

यावरून एक काम सांगते, ऑपरेशन झाल्या झाल्या इम्प्लांटच्या पाकिटावरचे स्टिकर फाईलमध्ये लावून घ्या, कंपनी, साइज, लॉट नंबर सगळं असतं त्यावर. आमच्या डिस्चार्ज पेपरवर फक्त "प्लेट व स्क्रू" असं लिहिलं होतं, मी भांडून स्टिकर घेतले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्क्रूला पेचकस वेगळा लागतो. दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडून काढायची वेळ आली आणि कंपनीच माहीत नसेल तर त्यांनी काय आणून ठेवायचं?

तुटण्याचं म्हणाल तर आमच्या चारही स्क्रूंना काही झालं नाही. पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की वजन जास्त असलेल्या मुलांत, खास करून ब्लाउंटच्या आजारात जिथे नडगी बाहेर वाकते, तिथे खालचा स्क्रू तुटू शकतो, आणि तिथे पोकळ स्क्रूऐवजी भरीव वापरणं बरं. आणि पाय पिळलेला असेल, म्हणजे हाडच स्वतःभोवती फिरलेलं, तर ही प्लेट त्यात काही करू शकत नाही, ती फक्त वाकडेपणाचं बघते.

आता तुलना, कारण आमच्या घरात दुसऱ्या प्रकारची पण प्लेट आहे. धाकट्या भावजींचे पाय बाहेर वाकलेले, चाळिशीत गुडघ्याची आतली बाजू झिजायला लागली. त्यांनी लेकीची डबी बघून विचारलं मला पण असली छोटी बसवा की. नाही बसवत. मुलींची वाढ साधारण चौदाला, मुलांची सोळाला थांबते, ग्रोथ प्लेट हाडात मिसळून जाते, मग वळवायला रांगच उरत नाही. त्यांची नडगी वरच्या बाजूला आतून कापली, पाचर उघडावी तशी उघडली आणि टी आकाराची लांब प्लेट आठ स्क्रू मारून बसवली. तिथे स्क्रू प्लेटमध्ये आटे पाडून लॉक होतात, कारण तिथे काहीच हलायला नको, हाड जुळायचंय. सहा आठवडे कुबड्या, मग हळूहळू वजन, आणि कातडीखाली प्लेट एवढी ठळक लागते की ते गुडघे टेकून बसत नाहीत. गुडघ्याचं दुखणं गेलं म्हणून ते खूश आहेत. पण दोघांची ऑपरेशनं बघून मला राहून राहून ती नऊ वर्षांची असतानाची दोन मिनिटांची तपासणी आठवते. तेव्हा "होईल सरळ" ऐकून अजून तीन-चार वर्षं थांबलो असतो तर तिचंही हाड कापायची वेळ आली असती. मुलीची पाळी सुरू झाली की उंची वाढायची साधारण दोनेक वर्षंच राहतात, आणि लेकीची तर प्लेट आत असतानाच सुरू झाली. गाडी शेवटच्या काही स्टेशनांवर पकडली आम्ही.

तर वस्तूला पाचपैकी साडेचार. अर्धा त्या घसरणाऱ्या खाचेचा कापला, एवढा विचार करून बनवलेल्या गोष्टीत पेचकस घसरावा हे पटत नाही. डॉक्टरांना पाच, वाट्या तिरक्या आल्या म्हणून एक्स-रे परत काढायला लावला त्याबद्दलच. अपॉइंटमेंटच्या कारभाराला दोन, त्यातला एक रिसेप्शनच्या बाई नंतर स्वतः येऊन सॉरी म्हणाल्या त्याचा.

प्लेटा काढून चार महिने झाले. ग्रोथ प्लेट दोन्हीकडे उघड्या आहेत, वाढ चालू आहे, त्यामुळे पाय परत आत वळतायत का ते वाढ थांबेपर्यंत बघत राहायचंय, पुढचा एक्स-रे दोन महिन्यांनी. कपाटाच्या दारावरचा कागद भरला म्हणून त्याच्याखाली दुसरा चिकटवलाय. या रविवारी मोजलं तर गुडघ्यांमधली फट बुजली आहे आणि घोट्यांमध्ये अर्धा सेंटीमीटर. लेकीने पट्टी माझ्या हातातून घेतली आणि आकडा स्वतःच लिहिला.